हेंद्रे : मोजमाप

घराचं नाव हेंद्रे.
आमच्या शाळेत गणिताला हेंद्रे सर होते,
काटकोन चुकला की पट्टी उभी धरून मारायचे.
इथे, वेल्समध्ये, पेंत्रेगॉख गावाच्या शेवटाला
हेंद्रे म्हणजे जुनं घर,
हिवाळा लागला की गुरं घेऊन डोंगरावरून
जिथे खाली उतरायचं, ते.
आणि या हेंद्रेत एकही काटकोन नाही.

टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं तेगवेनबाईंच्या हातात.
वय एक्याऐंशी, पायांत मुलाचे गमबूट.
भिंत : दोन फूट अकरा इंच.
तीच भिंत, चार पावलं पुढे : तीन फूट दोन.
"पोट सुटलंय तिचं," बाई म्हणतात.
"दर मे महिन्यात चुन्याचा एक हात.
आधीचा कुणी खरवडत नाही.
मोजायचं सासूबाईंनीच सोडून दिलं होतं."

ओकचं एक वाकडं झाड
उभं चिरलं मधोमध,
आणि दोन्ही फाका समोरासमोर उभ्या केल्या,
कपाळाला कपाळ टेकवून.
अशा चार जोड्या. त्यांच्यावर छप्पर,
छपरावर पाटीचा काळा दगड,
दगडावर शेवाळ, शेवाळावर आत्ता एक कावळा.
सुताराने बुंध्याशी रेघा कोरून आकडे घातलेत :
एक, दोन, चार, तीन.
चुकला असेल. प्यायला असेल.
किंवा तिसरं झाड रानातून उशिरा आलं असेल.
चारशे वर्षांत कुणी दुरुस्त केलं नाही,
मीही नकाशात तसंच उतरवतो.

मधून आरपार बोळ.
वरच्या अंगाला चूल, आत माणूस उभा राहील एवढी.
खालच्या अंगाला गोठा. आढं एकच.
शेणमूत बाहेर वाहावं म्हणून
जमीन मुद्दाम उतरती ठेवलेली,
पण उतार सुरू होतो पार चुलीपासून;
बाईंच्या पलंगाच्या दोन पायांखाली
पाटीचे तुकडे सारलेले आहेत.

"शेवटच्या तीन सासऱ्यांनी सदुसष्ट साली विकल्या.
त्या रात्रीपासून घर गार आहे.
मुलाने हीटर बसवले, तेही तीनच.
हीटर रवंथ करत नाही."

गोठ्याची लांबी बावीस फूट चार.
कौन्सिलच्या फॉर्मवर रकाना : सध्याचा वापर.
मी लिहितो, अडगळ.
त्या वाकून वाचतात, काही बोलत नाहीत,
माझ्या हातातली पेन्सिल घेतात
आणि नकाशावर, गव्हाणीपाशी,
सावकाश तीन नावं लिहितात.

मधल्या नावात दोन एल चिकटून आहेत.
मी वाचायला जातो. ळ म्हणतो.
"तसं नाही. जीभ वर टेकवायची
आणि वारा दोन्ही बाजूंनी सोडायचा,
ती दाराशी येऊन उभी राहिली की सोडायची तसा."

मी सोडतो.
बोळात थोडी वाफ दिसते.
"पुन्हा," बाई म्हणतात.