नाव बुडवताना

मनाउसच्या वनस्पती-संग्रहात थंडी असते, किड्यांच्या भीतीनं.
बाहेर मार्च, अंगाला चिकटणारा.
आत ओदेती शाल गुंडाळून
राळेच्या झाडाची वाळकी पानं मोजते.
दोनशे चौदा कागद, पाच देशांतले.
एका डहाळीला अजून मुंगी चिकटलेली,
तिलाही पन्नास वर्षं होत आली.

कागदाच्या कोपऱ्यात चिठ्ठीवर चिठ्ठी:
हे अमुक.
नव्हे, तमुक.
मला वाटतं, अमुकच.
जुनी चिठ्ठी खरवडायची नाही, हा इथला नियम.
चुकलेल्याचंही अक्षर सांभाळायचं.
तिच्या घरात असं कधी नव्हतं.

आणि ही एक जात: सेलिनाए.
लॅटिनची षष्ठी शेपटाला लागते, आपल्या ‘ची’सारखी.
सेलिनाची.
डॉक्टर वाल्देमीरची मुलगी. सहा वर्षं. हिवताप.
लेखाच्या तळाशी त्यानं दोनच शब्द ठेवलेत:
माझ्या मुलीस.

पण पडद्यावर उमटलेल्या वंशरेषांत
सेलिनाएला स्वतःची फांदी नाही.
ती एका जुन्या जातीच्या पोटात, मधोमध,
कुशीत शिरल्यासारखी.
त्या जुन्या जातीला नाव दिलं ज्यानं
त्यानं अरण्य पाहिलं नव्हतं.
गलबतातून आलेली पानं उलगडली
आणि एका बंदराचं नाव ठेवून दिलं,
जिथं हे झाड उगवतही नाही.
चूकच. पण आधीची.
आधीची चूक नंतरच्या मायेला मागे सारते,
कायदा तसा आहे.

या धंद्यात याला नाव बुडवणं म्हणतात.
मराठीत लिहिताना माझा हात थबकतो:
आपल्याकडे नाव बुडवते ती बिघडलेली लेक.
ही तर धड शाळेतही गेली नव्हती.

ओदेती रविवारी बोटीनं आल्देनोरकडे गेली.
डॉक्टरचा वाटाड्या. झाडाला कोयत्याची चीर देऊन
वासावरून जात सांगणारा.
आता एक डोळा गेलेला, ओसरीखाली होडी पालथी घालून
फटींत राळ भरत बसलेला. तीच राळ. धूर, लिंबू, थोडं देऊळ.
तिनं दोन डहाळ्या पुढे केल्या.
त्यानं एकच हुंगली.

‘एकच झाड, पोरी. सावलीत पान पसरतं, उन्हात आखडतं.
त्या दिवशीही ठाऊक होतं.’

‘मग बोलला का नाहीत?’

त्यानं भांडं पुन्हा विस्तवावर ठेवलं.
‘सातव्या दिवसाची प्रार्थना आटपून तो थेट जंगलात आला होता.
बूट चर्चचेच.
मला विचारलं, आल्देनोर, हे याआधी पाहिलंयस?
मी म्हटलं, नाही.
एवढंच खोटं बोललो त्याच्याशी. बाकी सगळं मजुरीत.’

आणि होडी उलटवून पाण्यात ढकलली,
गळते का बघायला.
थोडी गळत होती.

डॉक्टर आहे अजून, बेलेमला, धाकट्या बहिणीकडे.
दर बुधवारी फोन करून एकच विचारतो:
नदी किती चढली?
या बुधवारी ओदेतीनं आकडा सांगितला, सव्वीस मीटर,
आणि मग उरलेलंही.

बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.
‘पानांच्या शिरा मोजल्यास?’
‘मोजल्या.’
‘खालच्या बाजूची लव?’
‘तीही. सावलीत विरळ होते.’
‘हं.’
मग: ‘आल्देनोरला माहीत होतं ना.’
हा प्रश्न नव्हता.

रात्री तिनं नवी चिठ्ठी लिहिली, तारीख, सही,
आणि जुनीच्या शेजारी डकवली,
वर नाही.
बुडालेलं नाव पुसलं जात नाही.
खऱ्या नावाखाली, थोडं आत सरकवून,
बारीक अक्षरात ते छापलं जातं दर वेळी.
आणि त्या गोतात ते पुन्हा
दुसऱ्या कुठल्याच झाडाला देता येत नाही.

शाल काढून तिनं दिवा मालवला.
मुंगीचा कागद वरच राहिला होता.
परत आली, कपाट उघडलं, ठेवला.