खाडाखोड

रविवारी सकाळी बर्डीच्या फुटपाथवर
मी प्लॅस्टिक अंथरतो, त्यावर जुना कागद.
रद्दीवाल्याकडे जे किलोनं जातं
ते मी नगानं विकतो. धंदा एवढाच.

भोकाचा पैसा पन्नासला,
काडेपेटीची लेबलं,
कुण्या शिपायानं घरी धाडलेलं पोस्टकार्ड,
अर्ध्या ओळी काळ्या शाईनं बुजवलेल्या.
लढाईतलं काहीही खपतं.
भुकेला तर सध्या बरी मागणी आहे.

सगुणाबाई निखारे पाचपावलीहून आल्या,
सत्त्याऐंशीच्या, नातसुनेचा हात धरून.
पिशवीत पिशवी, तिच्यात रुमाल,
रुमालात रेशनकार्ड : सन चव्वेचाळीस,
मध्यप्रांत व वऱ्हाड, दुकान इतवारी,
कुटुंबप्रमुख पांडबा झोलबा, धंदा विणकर,
मोठी माणसं चार, लहान तीन.

मी भिंग काढलं.
साखरेची कुपनं सगळी कापलेली,
रॉकेलची कापलेली, कडेला अजून तो वास.
कापडाची मात्र अकराच्या अकरा शाबूत.
हात थरथरला, पण चेहरा मी दगडाचा ठेवला.
न कापलेल्या कुपनाला तिप्पट भाव असतो.

‘कापड नाही घेतलं?’
‘आमी इनत होतो ना जी कापड,
इकत कायले घेऊ?
मंग सूत भेटेनासं झालं,
माग उभा राह्यला तसाच.
तवा घ्याचं होतं,
तं पैसा नोयता.’
असं म्हणून हसल्या, दात नसलेलं.

मग तो तीनचा आकडा.
लाल शाईनं खोडलेला, वर दोन,
बाजूला कारकुनाची सही, घाईतली.
मी म्हटलं, आजी, खाडाखोड असली की भाव पडतो.

‘तो माहा भाऊ. गोविंदा.
पोळ्याच्या आठ रोज आधी गेला, तापानं.
बापानं दुकानात सांगितलंच नाई.
सात हप्ते थो मेल्यावरही
आपली साखर आणत होता.
हप्त्याले एक छटाक, लहानाची.
मंग कोण तरी चुगली केली.’

नातसून म्हणाली, आजी, चला आता.
त्या हलल्या नाहीत.

‘माय हातात चिमट चिमट देत जाय,
सोता नाई खाये.
आमी खाल्ली जी.
गोड लागली.
खोटं कायले बोलू.’

रस्त्यावरून बस गेली.
प्लॅस्टिकचा एक कोपरा उडाला,
मी त्याच्यावर वजन ठेवलं.
हजार म्हटले, त्यांनी बाराशे म्हटले,
अकराशेवर तुटलं.
जाताना विचारलं, ‘साखर कितीले हाय आता?’
चव्वेचाळीस, नातसून म्हणाली.
‘चव्वेचाळीस,’ त्या म्हणाल्या,
आकडा ओळखीचा निघाल्यासारख्या.

रात्री नाशिकच्या गिऱ्हाइकाला फोटो धाडले.
लगेच फोन : कुपनं फस्क्लास, मोड सरळ,
कागदाला कसर नाही,
पण तो लाल डाग तेवढा नको होता.
तीनशे कमी करा.
मी म्हणणार होतो, डाग नाही तो,
तो.
पुढचा शब्द आला नाही.
तीनशे कमी केले.

सात छटाक.
अर्धा शेरही होत नाही.
चहात साखर घालताना चमचा सपाट करून पाहिला,
किती चमच्यांची एक छटाक, कुणास ठाऊक.
शेजारच्या रद्दीवाल्याकडे वजनं आहेत,
लोखंडी, घासून चकचकीत झालेली.
उद्या विचारीन म्हटलं.
मग आठवलं, त्याची सगळी
किलोग्रॅमची आहेत.