पाणीपातळी

पहिलं चिलट दिसलं ते बीटच्या सारात.
चमच्यानं बाजूला केलं,
वाटलं मिरपूड.
मिरपूड उडाली.

तार्तूत डिसेंबरात बाहेर काहीच उडत नाही.
तीन वाजले की उजेड संपतो.
चौथ्या मजल्याच्या खिडकीत आम्ही दोघं,
खाली हीटर, वर कुंड्या,
आणि कुंड्यांवर आता हा काळा, हलका,
कुणी न बोलावलेला उन्हाळा.

शेजारची व्हिर्वे म्हणाली, काड्यापेटीतल्या काड्या
डोकं खाली करून मातीत खोच.
वीस वीस खोचल्या. जिरेनियमची साळिंदर झाली.
पिवळे चिकट कागद लावले,
पहिल्या रात्रीत एकोणचाळीस. चष्मा लावून मोजली.
(मोजायची सवय यूलोची. मला लग्नात मिळाली.)
बटाट्याच्या चकत्या मातीवर ठेवल्या,
सकाळी उलटून पाहिल्या तर खाली
काचेच्या दोऱ्यासारख्या अळ्या, काळी टोपडी घातलेल्या.
फेकल्या. नव्या कापल्या.
या वयात माणसं माशा मारत बसतात म्हणे,
ते इतकं शब्दशः असतं हे ठाऊक नव्हतं.

मग वाळूचा थर. मग व्हिनेगरची वाटी, साबणाचा थेंब टाकून.
शेवटी एक कुंडी पिशवीत घालून दुकानात नेली,
तापलेलं पोर डॉक्टरकडे न्यावं तशी.
तिथल्या मुलीनं मातीत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत,
काढून मला दाखवलं.
"ही माती नाही, चिखल आहे.
पाणी कोण घालतं?"

मी म्हटलं, मीच.

खोटं.
पाणी यूलो घालतो.
सहाला घालतो, सव्वासहाला घालतो,
बातम्यांच्या आधी घालतो, आणि बातम्या चालू असतानाच
उठतो, "कुंड्या तहानल्या असतील गं."
एमायगी नदीच्या काठी एकतीस वर्षं
खांबावरची पातळी वाचून वहीत लिहिणारा माणूस.
तापातही खाडा नाही.
मुलगी झाली त्या सकाळीही आधी नदी, मग दवाखाना.
(त्यावरून मी सात वर्षं बोलले.)
आता त्याच्या हातात झारी आहे
आणि मागची झारी त्याला आठवत नाही.

झारी लपवली, तर कपानं घातलं.
कप लपवले, तर दुपारचा चहा
लिंबाच्या रोपाला मिळाला, साखरेसकट.
एकदा मी ओरडले,
"पुरे! मुळावर उठलायस सगळ्यांच्या!"
तो थांबला. झारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
चुकीच्या वर्गात शिरलेल्या मुलासारखं.
ते ओरडणं परत गिळता आलं असतं
तर चिलटासकट गिळलं असतं.

व्हिर्वेच्या न्हाणीघरात एक झाड होतं,
लव्हाळ्याच्या जातीचं, पाण्यात उभं राहणारं.
ते मागून आणलं. घमेल्यात ठेवलं, वर गोटे.
बाकीच्या कुंड्या मागच्या खोलीत नेल्या, दार ओढून घेतलं.
माती सुकली, कडेनं सुटली, तडकली.
कागदावर अकरा. मग चार.
मग एक, ते बहुधा जुनंच.
जिरेनियमची पानं लोंबली, पण आहे.
लिंबाचं सांगता येत नाही.

घमेल्यात मी शाळेची एक पट्टी उभी केली.
त्याला काही सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी टेबलावर वही उघडी:
'१४ जानेवारी. सकाळ. अकरा सेंटिमीटर. पाणी शांत.'
अक्षर तेच, आकड्याच्या पोटात तीच आडवी रेघ.

आता तो दिवसभर भरतो.
तो झोपला की मी अंधारात
तीन कप उपसते, मोरीत ओतते, पट्टी पुसते.

सकाळी तो वाकून वाचतो. कपाळाला आठी.
"रात्रीत उतरलं. वरच्या अंगाला
कुठंतरी बर्फ धरलाय."

असेल, मी म्हणते.
वहीवर एक चिलट चालत असतं.
ते तारीख ओलांडेपर्यंत
तो पेन उचलून धरतो.