इतिवृत्त

लिंकनशायरमधल्या आमच्या हॅगर्बी गावात
रेल्वेचा एक पूल आहे, विटांचा, उंची नऊ फूट तीन इंच.
महिन्याकाठी एक ट्रक त्याखाली अडकतो.

म्हणून समिती. सात जण, ग्रंथालयाची मागची खोली,
दर पहिल्या मंगळवारी.
माझं अक्षर बरं, म्हणून मी चिटणीस.

पहिलं वर्ष फलकात गेलं.
फलक होताच. तो मोठा करावा,
की पिवळा, की वर दिवा बसवावा.
क्लाइव्ह पेन्ड्री, उभी हयात रेल्वेत गेलेले, म्हणाले,
पूल दीडशे वर्षं जागचा हललेला नाही.
मी लिहिलं: पूल निर्दोष.

मग रस्ताच दीड फूट खाली घ्यायचं निघालं.
पण खाली गॅसची नळी, नळीखाली कुणाचं तरी जुनं गटार,
गटाराचे नकाशे दुसऱ्या काउंटीत.
घोडं कुठं पेंड खातंय ते सगळ्यांना ठाऊक होतं;
पेंड कुणाच्या मालकीची, यावर उपसमिती नेमली.

बाहेर बारीक पाऊस, आत आमचं भिजत घोंगडं,
आणि मिसेस ऑल्डक्रॉफ्टचा आल्याचा केक.
खरं सांगते, तिसऱ्या वर्षी मी त्या केकसाठीच टिकले.

अहवालाच्या एकेचाळिसाव्या पानावर होतो
तेव्हा तो आवाज आला,
पत्रा विटेवर घासल्याचा.
तीन वर्षांत आम्ही सातजण मिळून
त्या पुलाखाली कधी गेलोच नव्हतो.

ड्रायव्हर राम्युनस, लिथुएनियाचा, माझ्या भाच्याच्या वयाचा,
स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसलेला.
मागे डॅफोडिलचे खोके.
क्लाइव्ह म्हणाले, हवा सोडा,
आणि दुखऱ्या गुडघ्यावर तेच आधी बसले, चिखलात.
मग अध्यक्षीणबाई. मग आम्ही.
दहा चाकं.
मी पेनच्या टोपणानं व्हॉल्व्ह दाबून धरला.
म्हैस बसते तसा ट्रक बसला, आधी पुढून,
आणि मागे मागे जात निघाला की बाहेर!
क्लाइव्हनी विटांवर तळवा ठेवला, काहीतरी पुटपुटले.
मी विचारलं नाही.

परत खोलीत. पान एकेचाळीस.
केकवर बोटांचे काळे डाग.
नोंद कशी करावी सुचेना.
सभा पंचेचाळीस मिनिटं तहकूब, एवढंच लिहिलं,
आणि खाली, सहीच्या जागी,
माझा अंगठा उमटला.