साडेचारशे अंश

धुळ्यात शेचाळीस.
भट्टीत साडेचारशे.
मधे मी, मानेवर ओला रुमाल,
आणि काचेवर केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा
टायटॅनियम डायऑक्साइडचा थर.

कच्चा थर म्हणजे बाजार उठल्यावरचं मैदान,
अणू कुठेही, कसेही.
दोनशेला ढिम्म.
साडेचारशेला मात्र रांग धरतात,
कण अंग धरतात,
एक्स-रेच्या आलेखात पंचविसाच्या थोडं पुढे
एक टोक उगवतं: अ‍ॅनाटेज.
रुटाइल हवं तर अजून तापवा,
पण तोवर काचच मान टाकते.

मागच्या गुरुवारी घाईत दार उघडलं.
थराला भेगा, आटलेल्या पांझरेसारख्या.
सुपडूअण्णा, आमच्या लॅबचे शिपाई,
पोरपण वीटभट्टीवर गेलेलं,
तुकडा उजेडाला धरून म्हणाले,
"ताई, तपाडता समदास्ले येस.
थंडं व्हऊ देवाले धीर लागस."

या खेपेला रात्रभर दार मिटलेलं.
सकाळी काच निळसर, मधेच जांभळी.
दुपारभर गच्चीवर उन्हात ठेवली,
मग एक थेंब टाकला.

थेंब गोल राहिला नाही.
अण्णा वाकले,
"पानी कथं गयं?"

काचेखाली
त्यांच्या अंगठ्यावरची जुनी भाजल्याची खूण
स्वच्छ दिसत होती.