पाचवा

शिवाजीनगर कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
माझा पुकारा व्हायला अजून सतरा केसेस आहेत.
बाकाची एक फळी ढिली. कुणी उठलं
की उरलेल्याला चिमटा बसतो.
मी उठत नाही.

तांबोळी वकील म्हणाले, मॅडम कडक आहेत, पण वाचतात.
कागद वाचतात, हेच पुष्कळ, पोतनीस.
मी म्हटलं, आणि माणसं असती तर? पूर्वीसारखी, ज्युरी?
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"कुठली माणसं? तुमच्या पेठेतली? ठेवीदारांतली?"

वेळ होता, म्हणून मी नेमायला बसलो.
पहिला मोतीराम इस्त्रीवाला,
माझ्या प्रत्येक कॉलरीचा मळ त्याला ठाऊक.
दुसऱ्या गुळवेबाई. त्यांचे दोन लाख बुडाले,
तरी पोलीस आले त्या रात्री
आईला पिठलं-भात त्यांनीच नेऊन दिला
आणि माझ्याशी बोलल्या नाहीत.
तिसरे हर्डीकर, जिन्यात मी दिसलो
की मोबाइल बघू लागणारे.
चौथा शिपाई बबन. व्हाउचरं त्यानंच टेबलावर ठेवली होती,
"साहेब म्हणाले, फक्त सही."
सही माझीच आहे.
पाचव्यापाशी अडलो.

दादा एकदा बसले होते ज्युरीत, माझ्या जन्माआधी.
रविवारात घड्याळांचं दुकान,
म्हणजे माणूस भरवशाचा.
सांगायचे, "पाच जण होतो. पाचामुखी परमेश्वर.
त्यातल्या चौथ्या मुखाला सासवडची शेवटची गाडी गाठायची होती."
तिघं एकीकडे, दोघं एकीकडे.
गाडीची वेळ झाली, तसा चौथा तिघांत गेला.
पाचवा एकटा राहिला थोडा वेळ.
एक कप चहा होईतो.
मग तोही.
पोराला सात वर्षं सक्तमजुरी.

पाचवा कोण, ते कधी सांगितलं नाही.
पण सात दिवाळ्या चिवड्याचा एक डबा
घरातून जायचा, रिकामा परत यायचा.
आई मोजून भरायची. विचारायची नाही.
शेवटच्या खेपेला मीही होतो,
सायकलच्या नळीवर, पोटाशी डबा धरून,
बंडगार्डनच्या पुलावर असं वारं
की दादा उतरून चालू लागले.
येरवड्याच्या दारापाशी म्हणाले, तू इथंच थांब.

त्यांना पाचव्या जागी बसवलं.
उठवलं.
परत बसवलं.

आत पंखा गरगरतोय. मॅडम पान उलटतात,
मागचं पान पुन्हा काढतात.
त्यांना कुठली गाडी गाठायची नाही.
डबा घेऊनही त्या येणार नाहीत.

पुकारा झाला. नाव चुकीचं घेतलं,
तरी मीच.
शेजारी कुणी पोरगेलासा बसलाय, हातात जामिनाचे कागद.
उठण्याआधी त्याला म्हणतो,
जरा तिकडे सरका.