तिसरी ओढ

पहिली ओढ फुकट.
दुसरीला, जेवढं आधी लावलंत तेवढंच पुन्हा.
तिसरीला दुप्पट.
इतकं लिहून मी खिडकी लावते,
खाली पथारीवर मिरची पसरलीय
आणि वारा फिरला की गणितालाही ठसका लागतो.

पणजीच्या बोटीवर मांडणार आहेत हे टेबल.
साहेब म्हणतात, एक्स्ट्रा ड्रॉ.
मी वहीत ओढ लिहिते. नंदुरबारात बसून
दुसरा शब्द सुचला नाही.
बैल ओढतो, पाऊस ओढ देतो,
आईला नवापूरची होती ती वेगळी.

पंचवीस लाख अठ्ठ्याण्णव हजार नऊशे साठ
तऱ्हांनी येतात पाच पानं हातात,
आणि निम्म्याहून जास्त वेळा
त्यांत साधी दुर्रीची जोडीसुद्धा नसते.
म्हणून तर ओढ विकता येते.

पहिल्या मांडणीत घर हरत होतं,
शंभराला चार रुपये.
घर म्हणजे धंद्याचा मालक, आमच्याकडे त्यालाच घर म्हणतात.
साहेबांचा फोन आला, मॅडम, हे सदावर्त आहे का?
मग मी दश्शीपर्यंतच्या जोड्यांचा नफा काढून घेतला,
रंगाला सातपट द्यायचे ते पाचपट केले.
रात्रभर संगणक स्वतःशीच खेळला,
दहा लाख डाव,
एकदाही चहा न मागता.
सकाळी आकडा आला: दोन पॉइंट तीन. घराच्या बाजूने.
घर सावरलं.

पण माणूस बसवून बघायचा राहिला होता,
म्हणून पथारीवरचे राखणदार दगा आप्पा.
आधीची दोन मुलं गेली म्हणून आईने हे नाव ठेवलं,
नावाला घाबरून मरण दुसऱ्या दारी जाईल म्हणून.
सत्तरी उलटली, नाकाला उपरणं,
नखांत तिखट इतकं मुरलेलं
की माझ्या नव्या पत्त्यांच्या कडा लालसर झाल्या.
नाण्यांऐवजी चिंचोके मोजून दिले, वीस.

तिसऱ्या रात्रीचा तो डाव.
दोन ओढी झालेल्या. आप्पांच्या हातात
चार बदाम, आणि इस्पिकची सत्ती.
बदामांतही एक सत्तीच, म्हणजे जोडी, पण बिनकामाची.
मी मनात मोजलं: न दिसलेली चव्वेचाळीस,
त्यांत नऊ बदाम. पाचातून एकदा.
संगणक काय करतो ते मला पाठ होतं.

आप्पा, तिसरी ओढ? दोन चिंचोके.
त्यांनी पानं छातीशी धरली, खोकले.
“माले नई जोयजे. मी थांबस.”

माझ्याकडे नव्वीची जोडी होती.
हरले ते. तक्रार नाही.
मग नियम अकरा, साहेबांचा लाडका:
जो थांबतो, त्याला दाखवायचं
ओढलं असतं तर कुठलं पान आलं असतं.
त्याने म्हणे माणूस पुढच्या डावाला थांबत नाही.
मी गड्डीवरचं पान उलटलं.
बदाम राणी.

आप्पांनी तिला बघितलं,
रस्त्याने जाणाऱ्या कुणाच्या वरातीकडे बघावं तसं.
“तो पत्ता मन्हा नव्हता,” म्हणाले,
आणि उरलेले चिंचोके परत करून उठले,
दव पडायच्या आत
मिरचीवर ताडपत्री ओढायची होती.

मी खूप वेळ बसले. उधन्याची गाडी गेली.
दहा लाख डावांत हा माणूस कुठे घालू?
किती टक्के?
साहेबांना विचारलं, ते हसले:
असे लोक बोटीवर चढतच नाहीत, मॅडम.

खरं होतं ते.
नियम अकरा मी तसाच ठेवला,
चौदा तारखेला फाईल पाठवली, पैसे आले.
आता कधी ती गड्डी पिसायला घेतली
की बोटं डोळ्यांना लागतात, चुकून,
आणि अर्धा तास
काहीच दिसत नाही.